कॅलरी मोजून वजन कमी करताना दारूचा हिशेब कसा बसवायचा? (शिमग्याआधी विचारतोय)

झावळी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळचा, वय ४४, उंची पाच फूट सात इंच. गेल्या मिरगाला वजन ९२ किलो भरलं आणि गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, तेव्हापासून कॅलरी मोजतोय. दिवसाला १७५०. अ‍ॅप नाही, वही. दिवाळीपर्यंत ८५ वर आलो. मग आमचा सीझन सुरू झाला (घरी न्याहारी-निवास आहे), आणि डिसेंबरपासून काटा ८५ वर जो अडकला तो हलतच नाही.

गेल्या आठवड्यात रात्री वही घेऊन बसलो. सोमवार, मंगळवार, गुरुवार पानं भरलेली. बुधवार आणि रविवार मात्र संध्याकाळी सातच्या चहाशी थांबलेले. त्या दोन दिवशी आमची बैठक असते. सात वाजल्यानंतरचं मी तीन महिने लिहिलेलंच नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, तेव्हा वही हाताशी नसायची आणि दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही.

म्हणून परवा एक केलं. बायकोने केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला, त्यावर माझा नेहमीचा ग्लास, आणि नेहमीच्याच हाताने 'साठ' ओतली. काट्याने ८५ ग्रॅम दाखवले. दारू पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणजे ती झाली ९० मिली. पुन्हा ओतून पाहिलं, पुन्हा ८० च्या वरच. एवढी वर्षं मी ज्याला 'दोन पेग' म्हणतोय ते तीन आहेत.

असे तीन ग्लास, म्हणजे २७० मिली रम. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या दोन बाटल्या. पुडीतलं फरसाण शंभर ग्रॅम तरी. रमचे ६४०, कोल्ड्रिंकचे २५०, फरसाणचे ५३०. एका बैठकीचे १४२० आणि आठवड्याचे २८४०. जेवण वेगळंच. रोज ५०० कमी खाऊन आठवड्याला मी ३५०० वाचवतो, त्यातले २८४० असे जातात. काटा कशाला हलेल?

प्रश्न असा की यात दारू बसवता येते का? कोणी बसवली आहे का? 'सोडून दे' म्हणणाऱ्यांचंही मनापासून ऐकेन. पण पुढ्यात शिमगा आहे, आणि गोव्यातल्या पेडण्याच्या मावसभावाचा आत्ताच फोन आला होता की यंदा बोंडू (काजूची फळं) लवकर आलेत, हुर्राक (त्यांची हलकी दारू) सुरू होईल. मी दारावरून 'नको' म्हणून परतणारा माणूस नाही, आणि तसं खोटं इथे लिहिणारही नाही.

खाडीवारा | १४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

झावळीदादा, काटा लावलात तिथेच अर्धं काम झालं. मी रत्नागिरीचा. दीड वर्षात ११ किलो उतरवले आणि घेणं सोडलेलं नाही, पण पूर्वीसारखं घेत नाही.

सगळ्यात आधी हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मिली गुणिले बाटलीवरचे टक्के गुणिले ०.०५५. दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात (भात, साखर ४, तेल-तूप ९) आणि एक मिली शुद्ध दारूचं वजन ०.७९ ग्रॅम, त्यातून हे निघतं. आपल्याकडची रम, व्हिस्की, जिन, वोडका साधारण ४२.८ टक्क्यांची. म्हणजे ३० मिलीला ७१, ६० ला १४२, आणि क्वार्टर (१८० मिली) संपवली तर ४२५. बाटलीवर कॅलरी सहसा लिहिलेल्या नसतात, टक्के मात्र असतातच.

अ‍ॅप वापरणाऱ्यांनी एक सांभाळा. त्यात 'एक शॉट' शोधलं की अमेरिकेतलं माप येतं, ४४ मिली, ४० टक्के, ९७ कॅलरी. आपला पेग ३० किंवा ६० चा. शॉट टाकून मोकळे झालात तर प्रत्येक ग्लासामागे पन्नासेक कॅलरी हिशेबाबाहेर राहतात.

बिअरला वरच्या सूत्रात साखर-स्टार्च मिळवावं लागतं. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली दारूच्याच २८५ कॅलरी देते, वर माल्टच्या ऐंशी-शंभर. साधी ५ टक्क्यांची तीच बाटली अडीचशेच्या पुढे. वाइनचा १५० मिलीचा ग्लास १२० ते १२५.

आता बसवायचं कसं. मी दिवसाचा हिशेब सोडला आणि आठवड्याचा धरला. तुमचे १७५० गुणिले ७ म्हणजे १२,२५०. रविवारी साठाचे दोन, म्हणजे २८४. बाकीच्या सहा दिवसांत रोज ५० कमी केले की झाले. पन्नास म्हणजे अर्धी चपाती. एवढं कोणालाही जमतं. पण तुमचे १४२० बसवायला रोज सव्वादोनशेच्या वर कापावे लागतील, ते चार दिवस टिकेल आणि पाचव्या दिवशी तुम्ही वही फेकाल.

म्हणून दारूच्या आधी बाजूचं काढा. कोल्ड्रिंकऐवजी सोडा आणि पाणी, तिथेच २५० वाचले. सोडा शून्य. टॉनिक वॉटर मात्र शून्य नाही, कडू लागतं म्हणून लोक फसतात, त्यातही साखर असते. मी सोड्यात चमचाभर कोकमाचं आगळ आणि मीठ घालतो. आगळच, बाटलीतलं अमृत कोकम नव्हे, ते अर्धं साखरेचं असतं.

आणि फरसाणाची पुडी घरात आणूच नका. समोर असली की हात जातोच, प्यायल्यावर तर जास्तच.

पडवीतून | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मी वोडका घेतो कारण त्यात कार्ब नाहीत असं जिममध्ये सांगितलं होतं. मग ती मोजायची गरज आहे का?

खाडीवारा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

आहे. कार्ब शून्य हे खरं, पण कॅलरी दारूच्या आहेत. साठाला १४२, रमइतक्याच.

सुरंगी | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

मी गुहागरकडची, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. खाडीवारांचं गणित चोख आहे. त्यात एक गोष्ट मिळवते, कारण नुसत्या आकड्यांनी ती कळत नाही.

भात खाल्ला तर शरीर त्याचा ग्लायकोजेन (साठवणीची साखर) करून ठेवतं, तेल खाल्लं तर चरबी. दारू ठेवायला शरीरात जागाच नाही. यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी, मग घाईने अ‍ॅसिटेट. हे अ‍ॅसिटेट शरीर सगळ्यात आधी जाळतं. ते जळत असताना चरबी जाळायचं काम मागे पडतं. म्हणजे त्या रात्री तुम्ही जे फरसाण किंवा तळलेले बोंबील खाल्ले, त्यातलं तेल आत जातं आणि तिथेच राहतं.

किती वेळ? यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम दारू हाताळतं. झावळी, तुमच्या २७० मिलीत ९१ ग्रॅम आहे. रविवारी रात्री आठला सुरू केलंत तर सोमवारी सकाळी पाहुण्यांसाठी घावन घालताना, कधी त्यानंतरही, तुमचं यकृत कालचंच निस्तरत असतं. काळी कॉफी, लिंबू, आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. सोमवारी सकाळी स्कूटर काढतानाही हे लक्षात असू द्या.

शिवाय झोप. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग तुटक जातो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्याकडेच जाते. तुमच्या वहीतली सोमवारची आणि गुरुवारची पानं रविवारच्या आणि बुधवारच्या पानांशी जोडून वाचा. माझा अंदाज आहे की आकडे तिथेही चढलेले दिसतील.

बायकांसाठी वेगळं सांगते. सारख्याच मापाने आपल्या रक्तात जास्त दारू चढते, शरीरात पाणी कमी असतं म्हणून. नवऱ्याच्या बरोबरीने ग्लास भरू नये.

आणि हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. दारू १९८८ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. वजनाच्या वहीत बसली म्हणून ती तब्येतीला चालली असं होत नाही. कमी म्हणजे कमी नुकसान, एवढंच.

माडाखालचो | १५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळे रम नि वोडका बोलतत, माडयेचा कोण बोलना नाय म्हणान लिवतंय. आमच्या घराक माडी काढुचो धंदो होतो. आजो सकाळी नि सांजचो माडार चढायचो. ताजी उतरलेली नीरा गोड, ती पोरांकव देयत. उन्ह चढला की फसफसूक लागता, दुपारपर्यंत आंबाट, सांजेक कडक. म्हणान माडयेचो एकच आकडो कोण सांगात तर इश्वास ठेव नको. सकाळी तिच्यात साखर, सांजेक त्याच साखरेची दारू. साखरेतली बहुतेक ताकद दारूत ऱ्हवता, कॅलरी खय जाणत नाय, रूप तेवढा बदालता.

माका वजन कमी करूचा होता तेव्हा मी लोट्यान पियाचा सोडलंय नि पेल्यान मोजूक लागलंय. दोन पेले, ते पण जेवणाबरोबर. आणि वळखीच्या माडावरचीच घे. शहरात पिशयेतून इकतत ती माडी नाय, तिच्यात क्लोरल हायड्रेट घालतत, माणूस दगावता. तिचो हिशोब वहीत करूक जाव नको.

गोळ्याऔषधं | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

चिपळूणला औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. वजन कमी करणाऱ्यांत निम्मे लोक मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्यांवर असतात, म्हणून हे वाचा.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दारूने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपाशीपोटी घेतली तर फारच. यकृत एरवी रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, दारू हाताळताना ते काम मंदावतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही भरपूर दारू टाळावी, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढायचा धोका असतो. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) चालू असताना अजिबात नको. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉल भराभर घेऊ नका, त्याचाही भार यकृतावरच.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं असेल किंवा रक्ततपासणीत यकृताचं एसजीपीटी वाढलेलं असेल तर हा धागा तुमच्यासाठी नाही. तुमचा आकडा शून्य. डॉक्टरांना विचारा आणि खरं किती घेता ते सांगा, निम्मं करून सांगू नका.

झावळी | २२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. गोळ्या चालू नाहीत, दिवाळीतली सोनोग्राफी ठीक होती.

आठवडा कसा गेला ते लिहितो. बुधवारची बैठक सोडली. सोडली म्हणजे गेलो, बसलो, नारळपाणी घेतलं. एका शहाळ्याचे पन्नास-साठ धरले. पहिला अर्धा तास हात रिकामा वाटला, मग गप्पांत विसरलो. मित्रांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही.

रविवारी क्रम बदलला. साडेसातला आधी जेवलो: भात एक वाटी, बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं, काकडी. मग गेलो. खिशात औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं टोपण नेलं होतं. दोनदा टोपण म्हणजे साठ. असे दोनच ग्लास, सोडा आणि आगळ. मधे प्रत्येक वेळी पाण्याचा एक ग्लास. पोट भरलेलं असल्यावर चव सावकाश लागते, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. चखण्याला घरून तिसऱ्या नेल्या, खोबरं न घालता नुसत्या कांदा-हळदीवर वाफवलेल्या. त्या साफ करायला बायको आणि मी दोघं बसलो होतो, विळीवर एकेक उघडत. परातभर शिंपल्या सोलल्या तरी मांस वाटीभरच, आणि ते एकेक करून खायला वेळ लागतो. फरसाणाची मूठ दोन घासांत जाते.

दारूचे २८४ आणि तिसऱ्यांचे दीडशे धरून रविवारच्या बैठकीचे ४३४. पूर्वीचे १४२०.

सुरंगीताई, तुम्ही म्हणालात तसं जुनी पानं जोडून वाचली. बारापैकी नऊ सोमवारी माझी न्याहारी दुप्पट आहे. तीन वेळा वडे.

पण सोमवारी सकाळी काटा ८५.९ दाखवतोय, शनिवारी ८५.१ होता! एवढं मोजून हे काय?

सुरंगी | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

घाबरू नका, ते पाणी आहे. एक किलो चरबी वाढायला अंदाजे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, एका रात्रीत तुम्ही तेवढं खाल्लेलं नाही. आगळातलं मीठ, तिखल्यातलं मीठ, भात, हे सगळं पाणी धरून ठेवतं. उलट कधी पिण्यानंतर लघवी जास्त होऊन काटा खालीही दिसतो, त्यानेही हुरळू नका. दारूनंतर दोन दिवस काट्यावर चढूच नका, आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, एवढंच पुरे.

अबोली_२ | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

मी हा धागा रोज वाचत होते, लिहू की नको ठरत नव्हतं.

माझे मिस्टर मधुमेही, गोळीवर. गेल्या वर्षी त्यांनी वजन कमी करायला घेतलं, अगदी मनावर घेऊन. रविवारी मित्रांकडे जायचं असलं की सकाळपासून कॅलरी 'वाचवायचे'. दिवसभर कोरा चहा, दुपारी एक काकडी. गोळी मात्र वेळेवर. रात्री तीन-चार पेग आणि वर जेवण नाही, कारण आकडा भरला. वहीत सगळं बरोबर जुळायचं.

त्या रात्री दोनला मला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. घामाने निथळत होते, हात थंड, हाक मारली तर शब्द जुळत नव्हते. तोंडाला वास होता. मला पहिल्यांदा वाटलं, जास्त झालीय, झोपू दे. मग सासऱ्यांचं साखर तपासायचं मशीन कपाटात होतं ते आठवलं. ४८ आली. गिळता येत होतं म्हणून चमच्या-चमच्याने साखरपाणी दिलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीने तालुक्याला नेलं. सलाइनमधून साखर गेल्यावर वीस मिनिटांत माणूस ओळखू लागला.

मी कूस बदलून झोपले असते तर, हा विचार अजून येतो. तुम्ही कॅलरी मोजा, जरूर मोजा, पण दारूसाठी जेवण कापू नका. आणि गोळीवरचा माणूस प्यायल्यावर घामाघूम झाला, बरळला, तर 'चढली' म्हणू नका, आधी साखर बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

खाडीवारा | २४ फेब्रुवारी, दुपारी १:०२

ताई, हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. रोज ५० कमी करा म्हणताना मी हे लिहायला हवं होतं: कापायचं ते तेल, साखर, अर्धी चपाती. मासे, अंडी, डाळ आणि रात्रीचं जेवण यांना हात लावायचा नाही.

पडवीतून | २ मार्च, रात्री ११:४८

मी मागे वोडकाचं विचारलं होतं. तेव्हापासून वही ठेवली. ठरवलं होतं आठवड्यात दोन दिवस, दोन-दोन. गेल्या दहा दिवसांत सात दिवस घेतली आणि त्यातले पाच दिवस दोनावर थांबलो नाही. आकडे सगळे खरे लिहिले आहेत. आज संध्याकाळी चारलाच हात जरा थरथरत होते. हे कॅलरीचं राहिलेलं नाही असं वाटतंय. इथे कोणी ओळखत नाही म्हणून लिहितोय.

गोळ्याऔषधं | ३ मार्च, सकाळी ६:२०

बाळा, लिहिलंस हे फार बरं केलंस. वही आता बाजूला ठेव. एक नीट ऐक: रोजची सवय असेल तर आजपासून एकदम बंद करून घरात कोंडून बसू नकोस. हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय लागली आहे. एकाएकी तोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आजच डॉक्टरांकडे जा, जवळचं सरकारी रुग्णालयही चालेल, आणि हे दहा दिवसांचं पान त्यांना जसंच्या तसं दाखव. ते गोळ्या देऊन सुखरूप सोडवतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गटही आहेत, तिथे नाव-गाव कोणी विचारत नाही. घरातल्या एका माणसाला आज सांग. कोणालाच सांगता येत नसेल तर इथे लिही, मी रोज सकाळी बघतो.

झावळी | ३ मार्च, सकाळी ७:०५

मीही बघतो. तुम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठे असाल तर डॉक्टरांकडे सोबत येईन, निरोप टाका.

पडवीतून | ५ मार्च, रात्री ८:३०

काल गेलो. ताईला घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या, रोज संध्याकाळी तपासायला बोलावलंय. दोघांचेही आभार. इथे आता थोडे दिवस येणार नाही.

खाडीवारा | १२ मार्च, रात्री ८:४०

आमच्याकडे पालखी फिरतेय, चाकरमानी सगळे गावात. ज्या दिवशी पालखी घरी येते त्या दिवशी घरात कोणी घेत नाही, ही जुनी रीत, त्यामुळे तो दिवस मला सोपा जातो. बाकीच्या दिवशी मुंबईचे भाऊ बाटल्या उघडतात. मी त्यांना सरळ टोपण दाखवलं, एकाने तसलंच दुसरं मागून घेतलं.

झावळीदादा, हुर्राकचं काय झालं? आणि गोव्यातून बाटली आणू नका हो, परवान्याशिवाय हद्द ओलांडून आणणं गुन्हा आहे, नाक्यावर गाड्या तपासतात.

झावळी | २३ मार्च, रात्री १०:२०

आणली नाही. तिथेच घेतली, आणि गाडी बायकोने चालवली. ती घेत नाही, आणि शब्द तिला जाण्याआधीच दिला होता.

मावसभावाच्या बागेत सकाळी पोचलो तेव्हा झाडांखाली बोंडू पडलेले, पिवळे नि लाल, सगळीकडे तो आंबूस-गोड वास. बिया पिळून वेगळ्या टाकायच्या, बोंडू मळणीला. आम्ही दोघांनी दोन तास बिया काढल्या, हातांना चीक लागून अजून कातडी काळपट आहे. भट्टीवर पहिली धार उतरते ती हुर्राक, साधारण १५ टक्क्यांची, आणि ती पुन्हा गाळली की फेणी, ती ४२ च्या पुढे. मावसभाऊ म्हणाला, 'हुर्राक हलकी रे, पाण्यासारखी.' हलकी आहेच, पण ती पेल्याने पितात, टोपणाने नाही, तिथेच सगळं आहे. २०० मिलीच्या पेल्याचं सूत्र मांडलं: २०० गुणिले १५ गुणिले ०.०५५, म्हणजे १६५. साठाच्या पेगपेक्षा जास्त. वर सगळे लिंबाचं गोड सोडापेय ओततात, त्याचे ऐंशीएक. तीन पेले म्हणजे साडेसातशेच्या घरात, आणि ऊन्हात तहान लागलेली असते म्हणून चौथा कधी येतो कळत नाही.

मी आधी तांब्याभर पाणी प्यायलो. मग साधा सोडा, अर्धं लिंबू, मीठ, मोडलेली हिरवी मिरची आणि १०० मिली हुर्राक. ८३ कॅलरी. खरं सांगतो, गोड न घालता बोंडवाचा वास जास्त येतो. असे दोन घेतले, अकरा ते तीन. ओल्या काजूंची उसळ होती, ती मात्र पोटभर खाल्ली आणि वहीत पोटभरच लिहिली. तो दिवस २१०० वर गेला. पुढचे चार दिवस थोडं थोडं भरून काढलं, जेवण न कापता.

शिमग्यात मांडावर दोन रात्री गेलो. एका रात्री रोंबाटानंतर (शिमग्याच्या मिरवणुकीनंतर) टोपण घरीच राहिलं होतं आणि मी अंदाजाने ओतली. ती रात्र वहीत 'अंदाजे ९०, दोनदा' अशी लिहून ठेवली आहे. कमी लिहून मलाच काय मिळणार.

शनिवारी सकाळचा काटा: ८३.४. पाच आठवड्यांत पावणेदोन किलो, आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदा ८४ च्या खाली.

माडाखालचो, तुमच्या आज्याचा पेला साधारण किती मिलीचा होता ते मोजून कळवा. वहीत माडीचं पान अजून कोरं आहे.

माडाखालचो | २४ मार्च, सकाळी ६:१०

पेलो अजून आसा, पितळेचो. आत्ताच पाणी घालून मोजलंय. काठापासून बोटभर खाली १८०.